मांजर खरंच 'आपलं आपण' बघतं का? रत्नागिरीच्या घरांतल्या मांजरांचं खाणं, आजार आणि वागणं

कोकणात मांजर पाळलंय असं फारसं कुणी म्हणत नाही. मांजर असतं. पडवीत असतं, मागीलदारी असतं, कुणी मासे साफ करायला बसलं की पायात घोटाळत असतं. त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक होत नाही, त्याला फिरवायला न्यावं लागत नाही, आणि आजारी पडलं तर "बघेल ते आपलं आपण" असं म्हणून विषय संपतो.

यातलं अर्धं खरंही आहे. मांजर स्वतःला स्वच्छ ठेवतं, शिकार करतं, दिवसभर एकटं राहू शकतं. पण उरलेल्या अर्ध्यापायी बरीच मांजरं मरतात, आणि तीही घरातल्याच साध्या गोष्टींनी. तापाची गोळी, कुत्र्याचं गोचिडाचं औषध, तुंबलेली लघवी, कच्ची तारली. रत्नागिरीत रात्री-अपरात्री प्राण्यांचा डॉक्टर मिळणं मुंबई-पुण्याइतकं सोपं नाही. त्यामुळे कुठे थांबलं तर चालतं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, हे घरातल्या माणसांनाच माहीत असायला हवं.

दूध-भाताचं काय करायचं?

सुरुवात दुधापासून करू, कारण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. शिंकं टांगायचं ते मांजरासाठीच. मांजराला दूध आवडतं हे खरं, पण त्याला आवडतो तो दुधातला स्निग्धांश. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची त्याची ताकद कमी होत जाते. म्हणून बऱ्याच मोठ्या मांजरांना वाटीभर दूध दिलं की जुलाब होतात. एखाद्या मांजराला चमचाभर दूध चालतं, काहींना तेवढंही नाही. दूध हे मांजराचं जेवण मात्र नाही. आई नसलेल्या पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं बरीच जास्त असतात, त्यामुळे अशा पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर डॉक्टरांना विचारून आणावी.

आता भात. भात विष नाही, पण भाताने मांजराचं फक्त पोट भरतं. कुत्रा माणसासोबत राहून बऱ्यापैकी सर्वभक्षी झाला, मांजर झालं नाही. त्याचं शरीर मांसावरच चालतं. मांसात टॉरिन नावाचा एक घटक असतो. आपलं शरीर तो स्वतः बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडत जातात. ही गोष्ट पक्की कळली ती १९८७ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की हृदय निकामी होत चाललेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी आहे, आणि ते वरून दिलं तर हृदय सुधारतं. विशेष म्हणजे ही मांजरं विकतचं तयार खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं. आपल्याकडे दूध-भातावर वाढलेलं आणि शिकार न करणारं फ्लॅटमधलं मांजर मात्र आजही याच धोक्यात असतं. गावातलं मांजर उंदीर, पाली, टोळ खाऊन ही कसर भरून काढतं. फ्लॅटमध्ये ती सोय नाही.

आणि माशाच्या आमटीत कालवलेला भात तर नकोच. त्यात कांदा, लसूण, मीठ, तिखट सगळं असतं. कांदा-लसणामुळे मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही.

"पण आमच्याकडे मासे आहेत!"

रत्नागिरीकर हे म्हणणारच. मिरकरवाड्याच्या बंदरावर मांजरांचा जो थाट असतो तो पाहिला की मासे हाच त्यांचा नैसर्गिक आहार वाटतो. मांजराचे पूर्वज मात्र पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातली रानमांजरं आहेत. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यापाठी उंदीर आले आणि उंदरांपाठी मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते साधारण ९,५०० वर्षांपूर्वीचं. म्हणजे मासे ही मांजराला नंतर लागलेली चटक आहे.

मासा चांगलाच आहे, त्यात प्रथिनं आहेत. अडचण दोन ठिकाणी येते: कच्चा दिला तर, आणि रोज फक्त तोच दिला तर.

काही माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व ब-१ तोडून टाकतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत फरसाठी पाळलेले कोल्हे कच्चे मासे खाऊन लुळे पडायला लागले, तेव्हा या गोष्टीचा छडा लागायला सुरुवात झाली. यात एक मराठी धागाही आहे. कमला सोहोनी आपल्याला माहीत असतात त्या विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून. १९३९ साली त्यांनी केंब्रिजहून ती पदवी घेतली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५४ साली 'नेचर'मध्ये गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातल्या माशांमधल्या थायमिनेजवर टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यांचा विषय मांजर नव्हता, पण मासे खाणाऱ्या प्रत्येक घराशी तो जोडलेला आहे.

मांजरात ब-१ कमी पडलं की आधी भूक जाते. मग चाल डगमगते, मान छातीकडे वाकते, बाहुल्या मोठ्या दिसतात आणि शेवटी झटके येतात. लवकर लक्षात आलं तर इंजेक्शनने मांजर बरं होऊ शकतं. टाळायचा उपाय तर अगदीच सोपा आहे: मासा उकडून द्यायचा. उष्णतेने थायमिनेज निकामी होतं.

तारली, बांगडा असे तेलकट मासे महिनोन् महिने दिले तर आणखी एक त्रास होतो. जीवनसत्त्व ई कमी पडून कातडीखालची चरबी सुजते. अशा मांजराला हात लावला तरी ते ओरडतं, आणि घरच्यांना वाटतं की कुणीतरी मारलं. म्हणून मासा आठवड्यातून दोन-तीनदा, बिनमिठाचा, काटे काढून द्यावा.

सुकट, जवळा, सुके बोंबील यांचं वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरात हेच असतं आणि मांजराच्या ताटलीतही हेच जातं. खारवलेल्या माशात मीठ भरपूर असतं. गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा धुऊन थोडं दिलं तर ठीक. रोजचं जेवण म्हणून नको. बंदरावरच्या मांजरांची या दोन महिन्यांत खरी उपासमार होते, त्यामुळे त्या दिवसांत कुणी त्यांना उकडलेलं चिकन किंवा कोरडं खाद्य घालत असेल तर उत्तमच.

मग रोज द्यायचं काय? सगळ्यात बिनडोक उत्तर म्हणजे पाकिटावर 'पूर्ण आहार' असं लिहिलेलं मांजरांचं खाद्य. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन, अधूनमधून अंडं, आठवड्यातून एखादा छोटा तुकडा काळीज. काळीज आवडतं म्हणून रोज दिलं तर जीवनसत्त्व अ जास्त होऊन हाडं धरतात. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम फार कमी असतं, त्यामुळे पूर्ण घरचं जेवण देणार असाल तर वरून काय घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मला विचाराल तर अर्धं पाकीट आणि अर्धं घरचं हा मार्ग सगळ्यांना झेपणारा आहे. कुत्र्याचं खाद्य मात्र मांजराला चालत नाही, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेल याची खात्री नसते.

पाणी, आणि मातीत पुन्हा पुन्हा बसणारा बोका

कोरड्या प्रदेशातल्या पूर्वजांमुळे मांजराला तहान कमी लागते. उंदरात ७० टक्के पाणी असतं, ते शिकारीतूनच भागतं. कोरड्या खाद्यात पाणी असतं जेमतेम १० टक्के. म्हणून कोरडं खाद्य घालणाऱ्या घरात पाण्याची दोन-तीन भांडी हवीत. पसरट, रोज धुतलेली, जेवणाच्या ताटलीपासून आणि मातीच्या ट्रेपासून लांब. बरीच मांजरं ताटलीशेजारचं पाणी सोडून बादलीतलं पितात, ते उगाच नाही.

पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, तिच्यात बारीक खडे किंवा चिकट साका तयार होतो. मांजरीचा मूत्रमार्ग रुंद असतो, तिला त्रास होतो पण सहसा मार्ग बंद होत नाही. बोक्याचा मार्ग अगदी अरुंद असतो. तो बंद झाला तर लघवी थांबते, विषारी द्रव्यं रक्तात साचतात, पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एक ते दोन दिवसांत सगळा खेळ संपतो.

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून लक्षणं नीट वाचा. बोका मातीत किंवा ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो. जोर करतो, ओरडतो. थेंब-दोन थेंब किंवा रक्त येतं, नाहीतर काहीच येत नाही. सारखा मागचा भाग चाटतो. मग उलट्या, मग खाणं बंद, मग अंग गार. घरात नव्वद टक्के वेळा याचं निदान "पोट साफ होत नाहीये" असं होतं (हा टक्का माझा अंदाज, पण कुठल्याही पशुवैद्याला विचारून पाहा). एरंडेल पाजलं जातं आणि एक दिवस वाया जातो. एरंडेल नको, पोट दाबणं नको, उद्या बघू नको. नळी घालून मार्ग मोकळा करणं हाच उपाय आहे आणि तो डॉक्टरच करू शकतात.

औषधांचा डबा मांजरापासून लांब

मांजराला ताप आला म्हणून माणसाच्या पॅरासिटामॉलची पाव गोळी देणारे लोक आहेत. हेतू चांगला असतो. पण हे औषध निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच दुबळी आहे. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मोठं मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचाही तोच न्याय. चुकून पोटात गेलं असेल तर गोळीची पट्टी सोबत घेऊन लगेच निघा, लवकर पोचलात तर त्यावर उतारा आहे.

दुसरं, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला थरथर सुटते आणि झटके येतात. "थोडंसंच लावलं" हे इथे चालत नाही. मांजरासाठी असं स्पष्ट लिहिलेलं औषधच आणा, वजनाप्रमाणे. पिसवांसाठी रॉकेल किंवा डांबरगोळ्यांची पूड चोळणं तर आणखी वाईट, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. फरशी फिनाइलने पुसली असेल तर ती वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवा. उंदरांचं औषध घालणार असाल तर मेलेला उंदीर तुमच्या आधी मांजराला सापडणार हे गृहीत धरा.

बंदराजवळच्या घरांसाठी एक खास सूचना. मासे पकडायची नायलॉनची दोरी किंवा गळ मांजर गिळतं, कारण त्याला माशाचा वास असतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असतं, ओढलं की आतडं चिरतं. दोरा कापूही नका. आहे तसं डॉक्टरांकडे न्या.

पावसाळा

चार महिने ओल म्हटल्यावर कातडीचे त्रास आलेच. पिसवा वाढतात, कानात काळी भुकटी दिसते (ती बऱ्याचदा कानातल्या किड्यांमुळे असते, नुसता मळ नाही), आणि गोल केस गेलेले चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते. नायटा म्हणतो तीच. ती मुलांनाही होते, त्यामुळे चट्टा दिसला की मुलांना मांजर उराशी घेऊ देऊ नका आणि दोघांवर एकदम उपचार करा.

रात्री मांजर घरात घ्या. बिबट्या वाड्यांपर्यंत येतो आणि कुत्र्या-मांजरांवरच येतो. फुरसंही याच दिवसांत आडोशाला येतं, आणि मांजर त्याच्याशी खेळायला जातं. मांजर सापापेक्षा चपळ असतं हे खरं, पण नेहमीच नसतं.

ओरखडा म्हणजे रेबीजची भीती?

रेबीज म्हटलं की आपल्याला कुत्रा आठवतो. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होतो. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की उपचार उरत नाही, म्हणून इथे 'घरचंच मांजर आहे' हा युक्तिवाद बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तेल काही लावू नका. मग जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरी लस लागते. रक्त आलं असेल किंवा दात खोल गेले असतील तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. डोस ठरलेल्या दिवशीच घ्यायचे. मांजरावर १० दिवस नजर ठेवायची, पण ते दिवस संपण्याची वाट बघत लस लांबवायची नाही.

मांजराला स्वतःला दोन लशी हव्यात. एक रेबीजची, वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून. दुसरी एकत्रित लस, आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होणारी. तिच्यात पॅनल्युकोपेनिया नावाच्या आजारापासून संरक्षण मिळतं. हा मांजरांचा पार्व्हो. पिल्लू सकाळी खेळत असतं, संध्याकाळी उलट्या, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं. विषाणू जमिनीत, पोत्यांत, टोपलीत महिनोन् महिने टिकतो. एक पिल्लू असं गेलं असेल तर त्याच टोपलीत लस न घेतलेलं दुसरं पिल्लू आणू नका.

मांजर बोलतं ते कसं

मांजर दुखणं लपवतं. ते स्वतः शिकारी आहे, पण मोठ्या प्राण्यांची शिकारही आहे, त्यामुळे दुबळेपणा दाखवणं त्याला परवडत नाही. कपाटाखाली जाऊन बसणं, अंग चाटणं सोडून देणं, उंचावर उडी न मारणं, ही त्याची तक्रार. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. विशेषतः जाडं मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचते आणि नवाच आजार उभा राहतो. घुरघुर म्हणजे आनंदच असंही नाही, वेदनेतही मांजरं घुरघुरतात.

बाकी गोष्टी आनंदाच्या. शेपटी उभी करून येणं म्हणजे ओळख. डोळे हळूच मिटून उघडणं म्हणजे विश्वास. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरही तसंच उत्तर देतं. करून बघा. भिंतीवर मागे फवारा मारणं हे सूडाने केलेलं नसतं, ती हद्दीची खूण असते आणि खच्चीकरणानंतर बहुतेक बोक्यांत ती कमी होते.

सूनबाईंना दिवस गेले, मांजर सोडून या

हे अजून घडतं. कारण टोक्सोप्लाझ्मा. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गर्भाला धोका असतो, हे बरोबर. पण विष्ठेतले जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ केला, आणि गरोदर बाईऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी केला, तर धोका फारच कमी होतो. अर्धवट शिजलेलं मटण आणि मातीतल्या न धुतलेल्या भाज्या हेही लागणीचे मोठे मार्ग आहेत, त्याबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही. दम्याचं म्हणाल तर ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीवरच्या प्रथिनाने, केस पोटात गेल्याने नाही. ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं.

पिल्लं पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येण्याची पद्धत तर जुनीच. "तिथे खायला मिळतं" अशी समजूत असते. आईचं दूध न सुटलेल्या पिल्लाला तिथे काहीच मिळत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. यावर उपाय एकच, वेळेत नसबंदी. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भ साधारण ६५ दिवसांचा, आणि एका वेळी तीन-चार पिल्लं सहज. पहिलं बाळंतपण होऊ द्यावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. ऑपरेशन कुठे होतं याची चौकशी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे करता येते. बोक्याचं ऑपरेशन छोटं असतं, मांजरीचं पोट उघडावं लागतं आणि आठ-दहा दिवस टाके जपावे लागतात. आणि घरात आत्ता दूध पाजणारी मांजरी असेल तर एक लक्षात ठेवा: पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे तारीख आत्ताच विचारून ठेवा.